जावई रुसला नव्हता

माझी सासुरवाडी अकोटची. दर हिवाळ्यात गहू वीतभर झाले की सासरची मंडळी सातपुड्याच्या पहिल्या रांगेतल्या एका टेकाडावर रोडगे, म्हणजे गोवरीच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, करायला जातात. वर देवीचं उघड्यावरचं ठाणं आहे, आणि आम्ही देवीसाठी जातो असं सगळे छातीठोकपणे सांगतात. देवीपुढे हात जोडायला एक मिनिट, आणि रोडगे भाजायच्या गोवऱ्यांच्या जगऱ्यापुढे अख्खा दिवस. देवीला याचं काही वाटत नसावं, तिलाही सवय झाली असेल.

बाकीचं जग डोंगरावर पाण्याची बाटली घेऊन जातं. आमची माणसं कणकेची परात, पोतंभर वांगी, तुपाचा डबा, गोवऱ्या, सतरंज्या आणि गाणी वाजवणारं एक डबडं घेऊन चढतात. म्हणजे डोंगर चढत नाहीत, स्वयंपाकघर चढवतात. वाटेत कोणी झाडाकडे पाहत नाही, कोणी थांबून ऐकत नाही. सगळी चर्चा एकच, मागच्या वर्षी वरणात मीठ कोणी जास्त टाकलं. गेल्या खेपेला एका चुलत साळ्याने डोंगराचे म्हणून महागडे बूट घेतले होते. ते घालून तो दिवसभर सतरंजीची राखण करत बसला.

तरी मी जातो, कारण मला तो डोंगर हवा असतो. अकोल्यात आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. इथे थंडीत सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, उन्हात बसलं तर पाठ शेकते आणि सावलीत गेलं तर कान दुखतात. एवढंसं सुख आहे. ते मला या लोकांच्या गलक्यातूनच मिळवावं लागतं.

आता माझ्या डोळ्यांचं. मला रातांधळेपणा आहे. दिवसा मी पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, चष्मा लागत नाही. पण नजरेच्या कडा झिजल्या आहेत, समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं मान वळवून पाहावं लागतं. आणि ऊन गेलं की समोरचंही जातं. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यावर औषध नाही, सांभाळून राहा. सासरी हे मी कितीदा सांगितलं असेल! पण चष्मा नाही म्हणजे डोळे चांगले, हा त्यांचा सिद्धांत. एकाने गाजरं खायला सांगितली, एकाने तळपायाला गाईचं तूप चोळायला. थोरले साळे तर म्हणाले, “जवाई, तुमी मोबाईल कमी पाहत जा.” मी बावळटासारखा हसलो. दुसरं काय करणार?

उतरायची वाट एका घळीतून आहे. तिथलं ऊन बाकीच्या डोंगराच्या कितीतरी आधी जातं, आणि वाट म्हणजे सुटे दगड. म्हणून मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की ऊन घळीत असेपर्यंत खाली उतरायचं. आपल्या पायांनी, कोणाचा हात न धरता. हात धरून एकदा उतरलो की या माणसांच्या लेखी मी कायमचा आंधळा, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग डोंगर बंद, स्कूटर बंद, आणि लग्नात कोपऱ्यातली खुर्ची माझी. त्यांना मधलं काही कळत नाही.

आतापर्यंत दर वर्षी जमलं होतं. गेल्या हिवाळ्यात बायको अकोटला घरीच थांबली होती, आणि मामेसासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, घोळ घातला. ते सगळ्यांत वडीलधारे. ते येईपर्यंत देवीला नैवेद्य नाही, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय पंगत नाही. गुडघ्यांचं कारण सांगून ते वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली बसत आले. इकडे रोडगे भाजून, फोडून, तुपात पडून तयार. सगळे थाळ्या मांडून गप्प. मी एकटा सावल्यांकडे पाहत होतो. मामंजी पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. त्यांनी आधी तोंड धुतलं. मग तंबाखू मळली. मग देवीपुढे बसून अशी काही लांबलचक प्रार्थना सुरू केली की देवीनेच आवरा म्हणावं.

मी उठलो. काठी घेतली आणि थोरल्या साळ्यांना म्हणालो, “मी पुढे होतो. उजेडात उतरतो. माझं खाणं खाली घेऊन या.”

मला वाटलं, साधं वाक्य आहे, कोणालाही कळेल. पण वऱ्हाडात जावई भरल्या पंगतीतून न जेवता उठला की त्याचा एकच अर्थ. जावई रुसला. त्याने तोंडाने काय सांगितलं याला काडीची किंमत नाही. रुसलेला जावई कारण थोडंच सांगतो? ते सासरच्यांनी ओळखायचं असतं, आणि मनधरणी करून त्याला परत आणायचं असतं. नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

मी घळीत निम्मा उतरलो. ऊन अजून होतं. पाऊल बरोबर पडत होतं, दगड ओळखीचे वाटत होते, आणि खरं सांगायचं तर मी मजेत होतो. तेवढ्यात वरून हाका सुरू झाल्या. “अवो जवाई! थांबा! थांबा!” आवाज एवढे घाबरे होते की कोणीतरी पडलं असंच मला वाटलं. मी थांबलो. ही माझी चूक झाली असं मी म्हणणार नाही. माणूस पडला असं वाटल्यावर कोणीही थांबतो.

कोणी पडलं नव्हतं. थोरले साळे हातात भरलेली थाळी आणि पाण्याचा लोटा घेऊन धापा टाकत आले, आणि त्यांच्यामागे साक्षात मामेसासरे. चढताना दहा ठिकाणी बसलेला हा म्हातारा उतरताना हरणासारखा आला होता.

“काहून चालले असे?” साळे म्हणाले. “कोनी काही बोललं का तुमाले?”

“कोणी काही बोललं नाही. मला अंधारात दिसत नाही. मी सांगून निघालो.”

“डोयाचं निमित्त नका काढू,” मामंजी म्हणाले. “माह्यामुळं पंगत रायली, हे मले समजते. माह्या वयाकडं पाहा अन् माफ करा.” असं म्हणून त्यांनी चक्क हात जोडले.

मला एवढा संताप आला की कानशिलं तापली. पण हात जोडून उभ्या म्हाताऱ्याला बाजूला सारून कसा जाणार? वाट जेमतेम एका माणसाची, आणि ती त्यांनी अडवली होती. मी म्हटलं, बरं, आणा ती थाळी, दोन घास खातो आणि सुटतो. दगडावर बसलो. रोडगा गार झाला होता. तो घाईघाईने खाल्ला, तर साळ्यांना वाटलं, स्वारीचा राग उतरला. त्यांनी दुसरा वाढला. मी नको म्हणालो, तर मामंजींचा चेहरा पडला. “म्हंजे मनात हाय अजून,” ते साळ्यांना म्हणाले, मी तिथे नसल्यासारखं. मी दुसराही खाल्ला. गुळाचा खडा झाला. मग सासऱ्यांच्या वेळी कोणता जावई कसा रुसला होता आणि त्याला बैलगाडीतून कसं परत आणलं, ही गोष्ट झाली. ती मी लग्नापासून ऐकतोय.

दरम्यान घळीतलं ऊन निघून गेलं. आधी दगडांचे रंग गेले, मग दगड गेले. मी म्हणालो, “आता मला दिसत नाही.”

साळे हसले. “अवो, भरपूर उजेड हाय अजून. मले खालची गाडी दिसून राहिली.”

मला भीती वाटत होती आणि ती दाखवायची नव्हती. मी म्हणालो, “जरा पाणी द्या.”

मी वाट पाहिली. पुन्हा म्हणालो, “पाणी देता का?”

मग साळ्यांचा आवाज आला, अगदी हळू, आजवर न ऐकलेला. “जवाई, लोटा तुमच्या तोंडासमोर धरला हाय मी. कवाचा.”

मी हात पुढे केला. बोटं हवेत फिरली, मग पितळेला लागली. पाणी प्यायलो. मामंजींनी जोरात श्वास घेतलेला ऐकू आला, आणि लगेच “अरे देवा, अरे देवा” सुरू झालं. साळ्यांनी मोबाईलचा दिवा लावून थेट माझ्या तोंडावर मारला, म्हणजे जे काही अंधुक उरलं होतं तेही गेलं. मी सांगत होतो, दिवा जमिनीकडे करा, तुम्ही पुढे चाला, मी तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. ऐकतो कोण? दोघांनी दोन्हीकडून माझे दंड पकडले आणि मला पोत्यासारखं खाली न्यायला लागले. पाय टेकू देतील तर शपथ. काठी तिथे दगडापाशीच राहिली. मागून बाकीची माणसं उतरली, तर साळे प्रत्येकाला सांगत होते, “यायले खरंच दिसत नाही बरं. मी सोता पायलं.” जणू हा शोध त्यांनीच लावला.

गाडीत नेहमी माझी टिंगल चालते. बँकेतला जावई, शहरातला जावई, चारच वांगी खाणारा जावई. त्या दिवशी सगळे गप्प होते. डबडंसुद्धा बंद. कोणीतरी माझ्या गुडघ्यांवर शाल टाकली. मला त्या क्षणी वाटलं की कोणीतरी, कोणीही, माझ्या नावाने एक भिकार विनोद करावा. मी खिडकीच्या काचेकडे तोंड करून बसलो. बाहेर मला काहीच दिसत नव्हतं, पण आत बघण्यापेक्षा ते बरं होतं.

अकोटला घरासमोर नवा दिवा लागला आहे, त्याच्या पांढऱ्या उजेडात रस्त्यावरची मुंगीसुद्धा दिसते. गाडीतून उतरलो तर फाटक दिसलं, अंगण दिसलं, ओट्याच्या पायऱ्या दिसल्या, आणि वरच्या पायरीवर माझी बायको उभी दिसली. मी साळ्यांना म्हणालो, “आता सोडा. इथे दिसतंय मला सगळं.”

“हो, हो,” ते म्हणाले, आणि पकड आणखी घट्ट केली. मग बहिणीला ओरडून म्हणाले, “धर वं बाई त्यायले, पायरी हाय.”

माझे डोळे कधी चालतात आणि कधी नाही, हे जगात एका माणसाला नीट ठाऊक आहे. त्या उजेडात मी पळतसुद्धा त्या पायऱ्या चढू शकतो, हे तिला माहीत होतं. तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं, गाडीतून उतरून गप्प उभ्या राहिलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि खाली येऊन माझा दुसरा हात धरला.