भाऊजींनी क्रॉस बसवला

आमच्या भाऊजींइतका माणसांशी तुसडा आणि यंत्रांशी अदबशीर गृहस्थ अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अकोल्याच्या एका कचेरीत कारकून. माणसाला ते सरळ "काहून बे?" म्हणत, पण बंद पडलेल्या पेट्रोमॅक्सला मात्र "काय झालं, महाराज?" असं विचारत. पहिल्या दिवाळसणाला आले तेव्हा ओवाळणीच्या आधीच त्यांनी आमचं भिंतीवरचं घड्याळ खोलून ताटात मांडलं. घड्याळ सुधारलं, फक्त चार वाजता सात टोले देऊ लागलं. आईने तसं सांगितलं तर तिलाच सुनावलं, "टोले काहून मोजता? काटे पाहा न!"

पुढे त्यांनी लष्कराने मोडीत काढलेली एक जीप घेतली. तिची पुढची चाकं नुसती सोबतीला फिरत, ओढायचं काम मागच्यांचं. त्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. नांदगाव खंडेश्वरच्या घरात खाटेवर पडून ते खिडकीतून वावराच्या दिशेने बघत राहत. कपाशी फुटली होती, पण बैलगाडीचे हिसके त्यांना सोसणारे नव्हते. भाऊजी सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, वेचणीआधी तुमाले वावर दाखवतो."

ताईला बसवून ते जीप घेऊन आले आणि आमच्या दारातच खालून खणखण झाली. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा चार टोकांचा लोखंडी तुकडा, गेला होता. नवा क्रॉस पेटीत होता, कारण भाऊजी प्रवासाला धोतराआधी सुटे भाग भरत. अमरावतीच्या मिस्त्रीने मात्र आठवड्याने येतो असा निरोप धाडला. तोवर वेचणी उरकली असती.

भाऊजींनी दांडा सोडवून अंगणात आणला आणि आईचा लोखंडी खलबत्ता मागितला. सांध्याचं टोक खलाच्या तोंडावर ठेवून बत्त्याने ठोकलं, की क्रॉसच्या टोकावरची जुनी टोपी खलात पडे. "अहो, वेलदोडे कुटते मी त्यात!" आई कळवळली. खरी पंचाईत नव्या टोप्यांची होती. प्रत्येकीच्या आत सुईसारख्या बारीक सळ्या उभ्या लावायच्या, एक जरी आडवी झाली तरी टोपी बसत नाही. भाऊजींच्या जाड बोटांनी त्या पुन्हा पुन्हा पडत. शेवटी ते रिकामी टोपी हातात धरून खाली बसले.

ताईने टोपी त्यांच्या हातातून घेतली. आत ग्रीस भरून तिने एकेक सळी चिकटवली.

"आता हळू ठोका," ती म्हणाली.

"ऐकून राहिलो न," भाऊजी म्हणाले, आणि खरंच हळू ठोकलं.

उन्हं कलताना बाबांना उशांच्या आधाराने पुढे बसवलं. बांधाबांधाने जीप पायी चालल्यासारखी निघाली. दोन्ही बाजूंना सगळं पांढरं झालं होतं. बाबांनी डावा हात बाहेर काढला तेव्हा भाऊजींनी गाडी थांबवली, एक बोंड तोडून त्यांच्या तळव्यावर ठेवलं. कित्येक महिन्यांत बाबांचा धड शब्द ऐकला नव्हता. ते म्हणाले, "आनखी... एक चक्कर."

भाऊजींनी चष्मा पुसला. "जसं तुमी म्हनाल, मामाजी."

पुढच्या हंगामाला बाबा नव्हते. वावर पाहिलं त्या संध्याकाळी मात्र ते मुठीत कापूस धरूनच झोपी गेले. आई मूठ सोडवायला वाकली, तेव्हा उंबऱ्यावर बसलेले भाऊजी, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "असू द्या, मामीजी. राहू द्या त्याहिच्यापाशी."