पूररेषेचा डाव

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत संगमेश्वरचं झेरॉक्सचं दुकान. पण माणसाला नाद कशाचा म्हणाल, तर पटावरच्या खेळांचा! सापशिडी-ल्युडो नव्हे हो. नव्या जमान्याचे, जाडजूड डब्यांत येणारे, नियम वाचतानाच निम्म्या माणसांना जांभया आणणारे खेळ. हा गडी ते मागवायचा, पोरांना खेळायला बसवायचा आणि मोबाइलवर परीक्षणं टाकायचा. पुण्याचं एक मंडळ दरसाल ‘वर्षाचा खेळ’ निवडतं. त्या शर्यतीत कोण टिकणार, कोण बाद होणार, हे संगमेश्वर आधीच सांगायचा आणि बहुतेकदा तसंच व्हायचं. शेजारचे व्यंकटराव चेष्टा करायचे, “अप्पा, खेळाचं ऱ्हाऊ द्या, आमच्या पोराचा मेडिकलला नंबर लागतो का तेवढं सांगा की!”

दुकानामागच्या खोलीत फळीवर स्टीलच्या पेल्यांची उतरंड असायची, पेल्यावर पेला पालथा घातलेला. भूकंपाच्या वर्षी औशाकडच्या गावात यांचं घर बसलं, तेव्हा धाकटी बहीण मंजुश्री ‘काय झालं, काय झालं’ विचारत आतच राहिली. ती गेली. तेव्हापासून आई गौरम्मानं उतरंड रचायला घेतली. जमीन जराशी हलली तरी पेले खणखणत खाली येणार. आणि घरचा नियम एकच, “पेला पडला की इचारत बसायचं न्हाई. पळायचं.”

त्याच खोलीत रविवारी क्लासची परीक्षा उरकून हॉस्टेलच्या पोरी खेळायला यायच्या. त्यातली मुदखेडची देविका म्हणजे संगमेश्वरचा उजवा हात. नियमातली खोट तिला पहिल्याच डावात दिसायची. मेडिकलच्या परीक्षेची तिची ही तिसरी खेप होती. वडील शिक्षक. दर फोनला ते फक्त मार्क विचारायचे.

त्या उन्हाळ्यात ‘पूररेषा’ नावाचा खेळ आला. टँकरची वाट बघणाऱ्या गावात पुराचा खेळ, काय म्हणावं! पटावर नदी, काठावर प्रत्येकाची लाकडी घरं, आणि पाणी चढत जाणार. वाटलं तर आपलं घर दुसऱ्याला द्यायची मुभा. पण ज्यानं सगळी वाटली तो डावातून उठला. आता फुकट कोण देतं? देविकानं दिली. दर चालीला एक तांबडं घर उचलून कुणाच्या तरी पुढ्यात ठेवायची आणि हसायची. पोरींनी टाळ्या वाजवल्या. शेवटचं घर देऊन ती उठली, चपला घातल्या आणि खाली बघत निघून गेली.

संगमेश्वर तर खूश! परीक्षणात तोंड भरून बोलला, “असा दिलदार हात मी पटावर पहिल्यांदा बघायलोय. जो खेळ माणसाला असं द्यायला लावतो, तोच यंदा पुण्यात बाजी मारणार. लिहून ठेवा!”

पुढच्या रविवारी पोरी आल्या. देविका आली नाही. येईल म्हणून संगमेश्वरनं तिची तांबडी घरं काठावर मांडून ठेवली. तेवढ्यात तिच्या खोलीतली मुग्धा कौतुकानं म्हणाली, “काका, देविका लई भारी आहे हां. मला तिचा टेबललॅम्प दिला. सिंधूला सगळ्या नोट्स. घड्याळसुद्धा देऊन टाकलं. म्हणते, मला आता काय करायचंय!”

संगमेश्वरला तो तांबडी घरं वाटणारा हात दिसला, आणि ते हसणंही. अरे देवा! आपण खेळ बघत बसलो, पोरगी बघितलीच नाही.

फळीवरचा एकही पेला हलला नव्हता. तरी संगमेश्वर पळाला. जाताना तांबडी घरं तेवढी मुठीत घेतली, का ते त्यालाही कळलं नाही. गल्लीभर टॉपरांचे फोटो लावलेले फलक. त्यांच्याखालून तो अनवाणी धावत होता, मागून मुग्धा.

खालूनच दिसलं, हॉस्टेलच्या गच्चीवर देविका कठड्यावर बसली होती. मुग्धा माणसं बोलवायला वळली, संगमेश्वर जिना चढून वर गेला. भर दुपारची वेळ, खाली रिक्षांचे हॉर्न.

संगमेश्वरला धाप लागली होती. “देविका, डाव थांबलाय. चाल तुझी हाय,” एवढंच तोंडातून निघालं.

तिनं मान वळवली नाही. “माझ्याकडं काहीच नाही राहिलं, काका.”

“हाय की. सगळी परत आणलीत, ही बघ.” त्यानं मूठ उघडली. घामानं ती घरं तळहाताला चिकटली होती.

“हे नियमात बसत नाही.”

“चुलीत गेला नियम!” तो ओरडला, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागला. तेव्हा देविकानं मान वळवली. मग तिनं हात पुढं केला. त्यानं तो जो धरला, तो मुग्धा माणसं घेऊन वर येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळच्या गाडीनं वडील आले. दोन्ही हातांनी पोरीचं तोंड धरून नुसते बघत राहिले, मार्कांचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला मुदखेडला घेऊन गेले.

पुण्याचा निकाल लागला. ‘पूररेषा’च पहिली आली. अभिनंदनाचे फोन आले, पण संगमेश्वरनं ते परीक्षण केव्हाच काढून टाकलं होतं. डब्यातलं एक तांबडं घर कमी आहे, ते मुदखेडला आहे. रोज दुपारी तो तिथं फोन लावतो आणि विचारतो, “घर हाय ना जागेवर?” आणि ती फोन उचलेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो.