नवस फिटला त्या दिवशी

"तोंड उघड सुशी, पेढा आहे, विष नाही!" असं म्हणत चाळीच्या सेक्रेटरींनी पोरीचा जबडाच धरला होता. बाहेर ढोल वाजत होते. मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. आणि मिरवणुकीत चक्कर आली म्हणून आणलेली ही पोर आमच्या दवाखान्याच्या बाकड्यावर दात घट्ट मिटून बसलेली.

मी हातातला चिमटा ट्रेमध्ये आपटला. "सोडा आधी तिला!"

लालबागच्या त्या दवाखान्यात मी ड्रेसिंगला होते. शिकलेली नर्स नव्हे हो, डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघून शिकले.

सुशी घोडपदेवची, सतरा वर्षांची. वडील गिरणीत. मुंबईसह महाराष्ट्र मिळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, फक्त दूध आणि फळं, असा नवस ती वर्षभरापूर्वी बोलली होती. चाळ खूश! सभेत तिला स्टेजवर बसवायचे, हार घालायचे. हाराच्या ओझ्यानं पोर वाकायची, तरी कुणाला काही दिसलं नाही.

मला दिसत होतं. चक्कर येते म्हणून ती सारखी यायची. भर उन्हाळ्यात हात थंडगार. केस मूठमूठ गळायचे. पाळी बंद. हातावर तान्ह्या बाळासारखी बारीक लव. आई कौतुकानं सांगायची, "रांधते सगळ्यांसाठी, आग्रह करकरून वाढते." आणि दूध? धाकट्या बहिणीनं माझ्या कानात सांगितलं, "ताई मोरीत ओतते."

मी डॉक्टरांना म्हटलं, "हा नवस नाही. ही पोर जेवणाला भिते."

"बाई, तुम्ही पट्ट्या बांधा. टॉनिक द्या तिला. लग्न झालं की खाईल."

टॉनिक! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण खरं सांगू? मीही गप्पच बसले. नवसाविरुद्ध बोलायचं म्हणजे चळवळीविरुद्ध बोलायचं. मी स्वतः मोर्च्याला जाणारी. कोण ऐकून घेणार?

तर त्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, "अहो बाई, नवस फिटला! सगळी चाळ बाहेर उभी आहे. हिनं पेढा खाल्ला नाही तर आमची शोभा होईल."

"शोभा गेली खड्ड्यात! तिचं मनगट धरून बघा. हार घालताना कधी धरलंत?"

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आतून आले. मी सुशीचं मनगट त्यांच्या हातात दिलं. घड्याळ बघून नाडी मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायला हवं."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. राहिले फक्त वडील. सुशी माझ्या लुगड्याचा पदर धरून पुटपुटली, "बाई, आता कसला नवस बोलू?"

मग हळूहळू बाहेर आलं. नवसाच्या आधी तिला बघायला पाहुणे आले होते. मुलाची आई हसत हसत म्हणाली होती, मुलगी अंगानं सुटलीय. तेव्हापासून ताटावर बसलं की पोरीच्या घशाला कोरड पडायची. नवस नुसता आडोसा.

वडील डोकं धरून बसले. "माका वाटला, पोरगी देवाची झाली."

परळच्या मोठ्या इस्पितळात ती बरेच आठवडे होती. सुटल्यावर मी तिला रोज दुपारी दवाखान्यात जेवायला बोलवायचे. पहिल्या दिवशी मीच चुकले. "माझ्यासाठी एक घास" म्हणून मागे लागले. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मग मी घरी जाऊन तिला आणलं, आणि तिच्या ताटाकडे बघणंच सोडलं. मी माझी भाकरी खायची, पेशंटांच्या गमती सांगायची. ती कधी दोन घास, कधी चार. "छान भरलीस हो" म्हणायला तर मी अख्ख्या चाळीला बंदी घातली. हे ऐकलं की ती पुन्हा जेवण टाकायची.

दोन वर्षं गेली त्यात. पण वाचली. या आजाराला ॲनोरेक्सिया म्हणतात, हे मला खूप पुढे कळलं.

मधे एकदा सेक्रेटरी आले. गणपतीत सुशीचा सत्कार करायचा होता, नवस पुरा केल्याबद्दल. मी म्हटलं, "करा की. पण हार नको. डबा घेऊन या आणि तिच्याबरोबर तासभर जेवायला बसा. ताटाकडे न बघता."

परत आले नाहीत. हार आणणं सोपं असतं.