दहापैकी सात

साडेसहा फूट उंचीचा माणूस ओणवा होऊन, दोन्ही हात ओल्या फडक्यावर टेकवून, बास्केटबॉलच्या कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी पुसत पळतो आहे आणि त्याच्या मागे आपली दहा-बारा मुलं तशीच ओणवी होऊन पळताहेत, हे दृश्य अमेरिकेतल्या चँडलर गावच्या आमच्या पिढीच्या आईबापांना आठवत असेल. कोचचा शनिवार असा सुरू व्हायचा. बूट दाराबाहेर, मग फरशी, मग कोर्टला वाकून नमस्कार. चेंडू त्यानंतर.

“घरी जेवलेलं ताट उचलत नाही हो,” कोणी तरी आई म्हणायची. “इथे बघा कशी फरशी पुसतेय!”

“घरी कोच काकांना बोलवा,” दुसरी म्हणायची.

मुलांनी त्यांना कोच काका म्हणावं हे आयांनी ठरवलं होतं. कोच मूळचे मेम्फिसचे, कृष्णवर्णीय, पन्नाशी ओलांडलेले. आठवडाभर शाळेची बस चालवायचे आणि शनिवारी सकाळी कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांना शिकवायचे. ‘काका’ म्हणजे काय ते त्यांनी एकदा विचारून घेतलं. “वडिलांचा भाऊ? मग आता ओरडायला हरकत नाही,” म्हणाले. पण ओरडले कधीच नाहीत. मूल चुकलं की ते म्हणायचे, “पुन्हा.” बरोबर आलं तरीही म्हणायचे, “पुन्हा.” दोन्हींतला फरक मुलांना कळायचा, आम्हाला नाही.

फरशी पुसणं ते जपानमध्ये शिकले होते. तरुणपणी तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बर्फाळ गावात, ट्रॅक्टरच्या कारखान्याच्या संघातून ते सहा वर्षं खेळले. दुपारपर्यंत कारखान्यात खोकी मोजायची आणि मग सराव. पुढे कारखान्याने संघ बंद केला. कोच परत आले, लग्न झालं, मोडलं, गुडघा गेला. पण बोलता बोलता ते त्या गावात जाऊन पोचायचे. मासळीबाजारातल्या म्हाताऱ्या बायका त्यांना नावाने हाक मारायच्या. “भाषा येत नव्हती, तरी रोज कोणी ना कोणी विचारायचं, जेवलास का? इथे मला अख्ख्या गावाची भाषा येते, पण ते कोणी विचारत नाही,” ते म्हणाले होते. त्यानंतर माझी बायको शुभा शनिवारी त्यांच्यासाठी डबा द्यायला लागली. तिच्या साबुदाण्याच्या खिचडीला ते ‘मोत्यांचा भात’ म्हणत.

माझी मुलगी ईशा त्यांच्याकडे आली तेव्हा दहा वर्षांची होती. बुजरी, जाड चष्मा, शाळेत मैत्रिणी नाहीत. कोचनी तिला पहिले दोन महिने एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकू दिला नाही. फक्त पाय कसे ठेवायचे ते शिकवलं. एके दिवशी ती गाडीत बसल्याबरोबर म्हणाली, “बाबा, कोच काका सेज आय सी द फ्लोअर.” कोर्टवर कोण कुठे आहे हे तिला दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या दिवशी माझी मुलगी मान वर करून बसली होती. त्या माणसाचं माझ्यावर केवढं ऋण होतं, हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं लिहिणं निदान प्रामाणिक होईल.

२००५ च्या सुमारास जपानमध्ये नवी व्यावसायिक लीग निघाली. कंपन्यांच्या संघांऐवजी प्रांताप्रांतांचे संघ. कोचच्या त्या बर्फाळ प्रांतानेही संघ उभा केला. पैसा बेताचा. खेळाडू शाळाशाळांतून हिंडून मुलांना शिकवत, आणि सामना जिंकला की उत्तम खेळाडूला गावचे शेतकरी तांदळाचं पोतं देत. संघाचा मॅनेजर कोचचा जुना सोबती निघाला. त्याने पत्र पाठवलं : मुख्य कोच मिळाला आहे, साहाय्यक हवा, तू ये. अर्थात संचालक मंडळाचं काम रीतसर होतं. लॉस एंजेलिसचा एक एजंट इथल्या तीन माणसांशी बोलून अहवाल देणार होता.

“तुझं नाव दिलंय, इंजिनिअर,” कोच मला म्हणाले. ते मला इंजिनिअरच म्हणत. “तिकडे इंजिनिअरच्या शब्दाला वजन आहे.” मग म्हणाले, “मला जायचं आहे. इतकं आजवर काहीच हवंसं वाटलं नव्हतं.”

एजंटचा फोन ऑफिसात दुपारी आला. आवाज तरुण, अमेरिकन, घाईतला. प्रत्येक गुणाला दहापैकी आकडा द्यायचा होता. विश्वासूपणा? मी म्हटलं, आठ. मुलांशी वागणं? सात. चिकाटी, संयम? सात. लहान गावात रमतील का? सात. “चांगला माणूस आहे,” मी म्हणालो, “बऱ्यापैकी चांगला.” पलीकडे टायपिंगचा आवाज थांबला. मग त्याने विचारलं, “आणखी काही सांगायचं आहे का तुम्हाला?”

माझ्यासमोर कॅलेंडर होतं. नोव्हेंबरात ईशाची शाळेच्या संघासाठी निवडचाचणी होती.

“नाही,” मी म्हणालो. “एवढंच.”

घरी येऊन शुभाला मी हे सांगितलं ते कर्तव्य पार पाडल्याच्या सुरात. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“सात?”

“अगं, सात म्हणजे काही कमी नाही. आमच्या इंजिनिअरिंगला सहासष्ट टक्क्यांना डिस्टिंक्शन होतं. शिवाय उगाच दहा-दहा दिले असते तर खोटं वाटलं असतं.”

“ईशाला गणितात चौऱ्याहत्तर पडले आणि सी ग्रेड आली, तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हतास तू. तेव्हा कुठे गेलं होतं डिस्टिंक्शन?”

तव्यावरची पोळी करपली.

आठ वर्षं मी या देशात नोकरी करत होतो. दर वर्षी साहेब माझ्या कामाला आकडा द्यायचे आणि सातचा अर्थ काय होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. आपल्या माणसाची परक्यापुढे फार स्तुती करू नये, हे माझ्या घरचं वळण. ते वळण त्या दुपारी माझ्या जिभेवर होतं हेही खरं. पण ते आणि ते कॅलेंडर, यांतलं जास्त काय होतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. दर वेळी मला कॅलेंडरच दिसतं.

तीन आठवड्यांनी कोचनी फरशी पुसून झाल्यावर आम्हा पालकांना सांगितलं, “त्यांनी दुसरा घेतला. गुडघ्याचं कळलं असणार.” मग मुलांकडे वळून टाळी वाजवली. नोव्हेंबरात ईशाची निवड झाली. मी पेढे वाटले. कोचनी दोन घेतले.

पुढची दोन वर्षं ते वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर त्या संघाचे निकाल बघत आणि शनिवारी मला सांगत. “आपण हरलो, इंजिनिअर. चार गुणांनी.” ते नेहमी ‘आपण’ म्हणत. प्रतिस्पर्ध्यांना कसं अडवावं याच्या आकृत्या वहीच्या कागदावर काढून ते जुन्या सोबत्याला टपालाने पाठवत. उत्तरं यायची की नाही, मी विचारलं नाही. मी फक्त ऐकून घ्यायचो आणि डब्यात अजून खिचडी आहे का बघायचो.

२००७ च्या उन्हाळ्यात त्यांचा पिकअप ट्रक बंद पडला, म्हणून मी त्यांना घरी सोडायला निघालो. गाडी भट्टीसारखी तापलेली. त्यांच्या दाराशी इंजिन चालूच ठेवून मी सगळं सांगितलं. आकडे, शेवटचा प्रश्न, माझं उत्तर, कॅलेंडर. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते.

“संयमाला किती?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“आणि आता? आज फोन आला तर?”

“दहा. सगळ्यालाच दहा, कोच. मी आत्ता त्या एजंटला फोन करतो, पत्र लिहितो—”

“नको. तिथे जो मुलगा गेलाय तो चांगला आहे. त्याला लहान लेकरं आहेत. राहू दे त्याला.” त्यांनी दार उघडलं. दुखरा गुडघा हाताने उचलून बाहेर ठेवला. “आणि दहाचं म्हणशील तर, आज दहा द्यायला तुझं काही जात नाही, इंजिनिअर.”

दार लावता लावता ते परत वाकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

“ईशा डावीकडे वळताना खांदा आधी टाकते. समोरच्याला कळतं. तिला सांग.”

पुढच्या शनिवारी ते नेहमीसारखे आले. मला गुड मॉर्निंग म्हणाले. डबा घेतला, शुभाचे आभार मानले. निकाल मात्र त्यांनी मला पुन्हा कधी सांगितले नाहीत. ते आता ईशाला सांगत. तिच्याकडून मला कळायचं : “वी वन, बाबा.”

२००८ च्या सुरुवातीला कोचनी बसची नोकरी सोडली. मेम्फिसला बहिणीकडे कायमचं जायच्या आधी, साठवलेल्या पैशांतून तिकीट काढून ते दहा दिवस त्या गावी जाऊन आले. मेम्फिसहून ईशाच्या नावाने एक पाकीट आलं. आत एक फोटो होता, बहुधा त्या जुन्या सोबत्याने काढलेला. प्रेक्षकांच्या वरच्या रांगेत संघाचे पिवळे शर्ट घातलेली म्हातारी माणसं बसली आहेत, सगळ्यांची नजर चेंडूवर. त्यांच्यामध्ये एकटे कोच उभे. त्यांची नजर चेंडूवर नाही. कोर्टच्या दुसऱ्या बाजूला एखादा खेळाडू मोकळा सुटला असावा, तिकडे त्यांचा हात लांब केलेला आहे आणि तोंड उघडं आहे. ते ओरडून सांगताहेत.

खाली, खूप खाली, संघाचा बेंच दिसतो. तिथून कोणीही वर बघत नाही.