ओट्याखालचा भोपळा

आमच्यात बाळ पालथं पडलं की शेजारीपाजारी लाल भोपळ्याचे घारगे वाटतात. त्यासाठी सासूबाईंनी करकंबहून येताना अख्खा भोपळा आणला आणि जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली ठेवून दिला. "नात पालथी पडंपर्यंत टिकतोय की," म्हणाल्या. लेक तेव्हा नुकती हुंकार द्यायला लागली होती.

तिला डाउन सिंड्रोम आहे, हे जन्मानंतर लगेचच कळलं होतं. रक्ताच्या तपासणीत एक गुणसूत्र जास्तीचं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्नायू ढिले आहेत, सगळं होईल पण उशिरा. उशिरा म्हणजे कधी, हे काही त्यांनी सांगितलं नाही. उचलायला गेलं की ती हातातून ओघळायची, ओल्या टॉवेलसारखी. मला धडकीच भरायची.

रोज सकाळी सतरंजीवर पोटावर झोपवून तिचा व्यायाम करून घ्यायचा. ती मान उचलायची आणि लगेच टाकायची. महिने सरत गेले. जिन्यात कुणी ना कुणी विचारायचंच, "पडली का पालथी?" तुमच्या बापाचं काय जातंय, असं अगदी ओठांवर यायचं. "पडेल की," म्हणून मी दार लावून घ्यायचे.

सासूबाई अधूनमधून भोपळा अंगठ्याने दाबून बघायच्या. मला त्या भोपळ्याचीच भीती वाटायला लागली. हा नासला आणि ही तशीच राहिली तर? खुळेपणा होता नुसता, पण केर काढताना मी ओट्याखाली बघायचे नाही.

या सगळ्यात एक साधी गोष्ट सुटलीच. तान्ह्या बाळाला पलंगावर ठेवलं की बाया दोन्ही बाजूंनी उशा लावतात. आम्ही लावतच नव्हतो. जी हलतच नाही तिला कसल्या उशा?

एका दुपारी कुकरची शिट्टी झाली म्हणून तिला पलंगावर ठेवून मी गॅस बंद करायला गेले. परत आले तर ती पार कडेला, पालथी, तोंड गोधडीत रुतलेलं. एक हात पोटाखाली अडकलेला. रडणं नाही, काही नाही. "आई!" म्हणून किंचाळले आणि तिला ओढून उचललं. क्षणभर ती गप्पच. मग तिनं असा टाहो फोडला, की देवा सिद्धेश्वरा, इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सासूबाई धावत आल्या. "पडली व्हय गं? आपली आपण?" त्यांचे डोळे भरून आले होते. "मग तू का थरथरतीस? लई चांगलं झालं की!"

"आई, आता ती हलणार," मी म्हणाले. "आता मी हिला कुठं ठेवू?"

त्या विळी घेऊन भोपळ्याकडे गेल्या. मी लेकीला छातीशी घट्ट धरून घरातल्या सगळ्या उशा गोळा करत होते.