दोन हाकांवरचा झरा

मोजणीच्या कचेरीत फायली गहाळ होतात, किस्से मात्र गहाळ होत नाहीत. कोल्हापूरच्या अशाच कचेरीत मी क्लार्क होतो. निवृत्तीला वर्ष उरलं असताना सह्याद्रीतल्या एका दरीचा नकाशा करायला आमची पार्टी गेली. जुन्या नकाशावर त्या जागी नुसता कोरा कागद! प्रत्यक्षात तिथं चार घरांचा धनगरवाडा आणि एक झरा होता. जंगलाची हद्द झऱ्याच्या कुठल्या बाजूनं जाते, यावर त्या घरांचं पाणी ठरणार होतं.

*

पहिल्याच दिवशी आमचे सर्व्हेअर माने जीपीएसचं मशीन डोक्यावर धरून अर्धा तास गोल फिरले. सिग्नलच नाही.

"आपण नेमके कुठं आहोत, तेच कळेना!"

वाटाड्या धोंडीबा दगडावर बसून बघत होता. म्हणाला, "माज्या परड्यात हाय की, पावणं!"

*

अंतर विचारलं, की धोंडीबा हाकांत सांगायचा. घरापासून झरा किती लांब? "दोन हाका."

मी इमानदारीत तसंच लिहून पाठवलं. वरून पत्र आलं: "हाक कोणाची, ते कळवावे."

"धोंडीबाच्या बायकोची," असं कळवलं. मंजूर झालं!

*

मग ड्रोन आणला. तो उडाला आणि धोंडीबाच्या म्हशी उधळल्या. म्हशींकडं बघण्याच्या नादात मान्यांचा ड्रोनही दिसेनासा झाला. माने ड्रोन शोधायला एका दिशेला गेले, धोंडीबा म्हशी शोधायला दुसऱ्या. परतले तेव्हा ड्रोन धोंडीबाच्या हातात आणि म्हशी मान्यांच्या मागं!

"सायब," धोंडीबा म्हणाला, "तुमी हितंच ऱ्हावा. म्हशींनी तुमाला पसंत केलंय."

*

शेवटी हद्द निघाली, ती घरं आणि झरा यांच्या मधून. म्हणजे झरा जंगलात! मान्यांनी तिथं तांबड्या रंगाची खूण करून एक दगड रोवला. "मशीन म्हणतंय तसं, मी काय करू?" म्हणाले. त्या दिवशी धोंडीबानं आम्हाला चहा दिला आणि स्वतः त्या दगडाकडं बघत बसला.

पंधरा दिवसांनी मोठे साहेब तपासणीला आले. दगड झऱ्याच्या पलीकडच्या काठावर! वर शेंदूर, पुढं फोडलेला नारळ, शेजारी भगवं निशाण.

"दगड कुणी हलवला?" साहेब कडाडले.

धोंडीबानं दगडाला हात जोडले. "देव हाय न्हवं, सायब. तहान लागली आसंल."

साहेबांनी दगडाकडं पाहिलं. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडं पाहिलं. मग बूट काढून बाजूला ठेवले आणि मला म्हणाले, "घ्या लिहून, हद्द देवापासून."