धुक्यातली हजेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सरांनाही नाही, आणि त्यांना तर आता सांगताही येणार नाही.

सर रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे. चोरखमाऱ्याच्या तलावाचा बांध, हिवाळ्यातली सकाळ, आणि त्यांचं तोंड पाण्याकडे. शर्यतीची तयारी करणारी पोरं सायकलवरून मागून जायची, तरी ते वळायचे नाहीत. नुसतं विचारायचे, "नाव सांग."

"पाहिलं तं पोराची दया येते," म्हणायचे. "ऐकलं तं खरं समजते."

ते शाळेत पी.टी. शिकवायचे. माझं तिरोड्यात सायकल दुरुस्तीचं दुकान. बांधाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला घड्याळ धरून मी. प्रत्येक फेरीत पोरांनी दोन्ही टोकांना आपापलं नाव सांगायचं.

"सर, पाय जळून राहिले."

"जळू दे. नाव येते ना? मंग चाल."

नाव अडखळलं की मात्र तिथंच उतरवायचं. दुखणं पायात आहे तोवर शर्यत, नावापर्यंत पोचलं की संपली, असा त्यांचा नियम.

एकदा एकानं मस्तीत सिनेमातल्या हिरोचं नाव सांगितलं. सरांनी त्याला उतरवून गुळाचं पाणी पाजलं आणि तासभर घोंगडीत झोपवलं.

"सर, मजाक केला ना मी."

"मजाक कोणं केला, तू का हिरोनं? झोप चुपचाप."

त्यानंतर कुणी थट्टा केली नाही.

दाट धुक्यात माझ्या अंगावर काटा यायचा. पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं दिसेनाशी व्हायची. सायकल दिसायची नाही, फक्त साखळी ऐकू यायची, आणि त्या पांढऱ्यातून एकेक नाव. सरांच्या टोकाला सांगितलेलं नाव पाण्यावरून माझ्यापर्यंत यायचं. कधी कधी दोनदा.

अशाच एका धुक्याच्या सकाळी बांधावर एकटी एक पोरगी होती. सालेकशाची, तिरोड्याला मामाकडे राहून शिकणारी. राज्याच्या संघाची निवड आठवड्यावर आली होती. शेवटच्या फेरीआधी ती माझ्याजवळ वळली.

"नाव सांग," मी म्हणालो.

"सुधाकर."

ते माझं नाव. पोरं मला दादा म्हणायची, सुधाकर कुणी म्हणत नसे. आवाज थकलेला नव्हता. घरातून कुणी जेवायला हाक मारावी तसा शांत होता. तिचे डोळे माझ्याकडे होते, पण ती मला बघत नव्हती.

मला कळलं होतं. नाही कळलं असं मी स्वतःलाही कधी सांगू शकलो नाही. पण हातात घड्याळ होतं, आणि आमच्या एकाही पोरीनं तोवर असा टाइम काढला नव्हता. मी म्हणालो, "चाल."

अर्ध्या बांधावरून ती सायकलसकट खाली दगडांवर पडली. किंकाळी नाही, काही नाही. धुक्यात बराच वेळ चाक फिरत होतं.

दवाखान्याच्या पायरीवर सरांनी विचारलं, "तुझ्याजवळ नाव सांगतलं होतं का तिनं?"

"हो सर."

"बरोबर?"

"बरोबर."

ते म्हणाले, "मंग माहाच नियम खोटा."

त्याच आठवड्यात त्यांनी सायकली शाळेला परत केल्या आणि सराव बंद केला. तरी हिवाळ्यात एकटेच बांधावर जायचे.

"आता कायले जाता सर?"

"ऐकून राहिलो."

मागच्या वर्षी ते गेले. या हिवाळ्यात मी त्यांच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, पाण्याकडे तोंड करून. कुणी विचारलं नाही, तरी स्वतःचं नाव घ्यायला गेलो. तोंडातून तिचं आलं.

ती आता सालेकशात शिवणकाम करते. कमरेचं हाड नीट जुळलं नाही, पाय ओढत चालते. "सरांनी मला मरेस्तोवर सायकल चालवायला लावली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि लोक मान हलवतात. तिनं चुकीचं नाव सांगितलं होतं आणि ते मी ऐकलं होतं, हे तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.